अनुस्वार ऐकत नाही

'श्वान हे मालकाच्या संस्कारांचे चालतेबोलते प्रतिबिंब असते.'

हे वाक्य माझं आहे. आमच्या कॉलनीच्या बागेत एक कोपरा जाळी मारून कुत्र्यांसाठी राखून ठेवला होता, तिथल्या हिरव्या फलकावर ते पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळी त्याच फलकाखाली माझं प्रतिबिंब दुसऱ्याच माणसाच्या बुटावर हनुवटी टेकून झोपलं होतं.

"अनुस्वाऽऽर!" मी हाक मारली.

काही नाही. कान हलला नाही, शेपूट हलली नाही.

"अनुस्वार! इकडे ये!"

बाकावर बसलेल्या मगदूमांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे पाहून कसनुसं हसले. शेजारच्याच्या झाडाचा आंबा आपल्या अंगणात पडल्यावर माणूस असंच हसतो.

"सर," पलीकडून पारखताई म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्यानं पक्ष बदललेला दिसतोय!"

दहा-अकरा माणसं हसली. त्यांत माझी बायकोही होती.

आता अनुस्वार म्हणजे कोण, ते सांगायला हवं. डाल्मेशियन जातीचा, तेव्हा तीन वर्षांचा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. मी मराठीचा प्राध्यापक, दुसरं काय नाव ठेवणार? बायकोचं, रोहिणीचं, म्हणणं होतं की घरात एक टिंबू असावा. पण टिंबू हे नाव नव्हे, लाड आहे. मी त्याला पूर्ण नावानेच हाक मारायचो, स्पष्ट उच्चारात, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. तो ढुंकून पाहत नसे. कुत्रा स्वाभिमानी आहे असं मी सगळ्यांना सांगायचो.

आणखीही गुण होते. दिवाळीत कॉलनीतली यच्चयावत कुत्री पलंगाखाली थरथरत असताना हा गच्चीत लवंगी माळेकडे पाठ करून घोरायचा. गणपतीत दारावरून ढोल गेले तरी ढिम्म. दाराची बेल वाजली तर भुंकायचा नाही. "निर्भय आणि सुसंस्कृत," असं मी पाहुण्यांना सांगायचो. पाहुणे आपापल्या कुत्र्यांचा विचार करून गप्प बसायचे.

मग मगदूम आले.

आप्पासाहेब मगदूम चिकोडीकडचे. बायको गेल्यावर नाशिकला लेकीकडे राहायला आलेले. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि बागेत जवळजवळ मौन. बरोबर चंद्री नावाची कारवान जातीची कुत्री. लांब तोंडाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि पळायला लागली की डोळ्यांना फक्त तिची जाण्याची दिशा कळायची. शिकारी जात म्हणून पहिल्या आठवड्यात लोक आपापली कुत्री उचलून घेत. दुसऱ्या आठवड्यात कुत्रीच लोकांना ओढत मगदूमांकडे नेऊ लागली.

आणि सगळ्यांत पुढे माझं.

पहिल्याच दिवशी अनुस्वार कुणाच्या तरी पिल्लाच्या मागे लागला होता. मी जाळीपाशी उभा राहून हाका मारत होतो, घशाला कोरड पडेपर्यंत. मगदूम बाकावरून उठले, टाच दोनदा जमिनीवर आपटली. अनुस्वार थांबला, वळला. मगदूमांनी तळहात खाली केला. अनुस्वार बसला. त्यांनी बोट हलवलं. अनुस्वार उठून त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं लावून उभा राहिला.

एक शब्द नाही! तीन वर्षं मी या प्राण्याशी प्रमाण मराठीत बोलत होतो आणि तो माणूस टाच आपटून त्याला घेऊन गेला.

"खिशात काहीतरी असणार," मी घरी म्हणालो.

"कसलं काहीतरी?" रोहिणीने विचारलं.

"सुकट. बोंबील. काहीही असेल."

"ते लिंगायत आहेत हो. अंडं बघूनही विचार करतात."

"मग भाकरीचा तुकडा."

"त्यांचा हात बघितलात? किती शांत हात आहे," रोहिणी म्हणाली. "तुम्ही हाका मारता तेव्हा मलाच घाबरायला होतं, त्या मुक्या जनावराला काय होत असेल!"

बायकोने परपुरुषाच्या हाताचं कौतुक करावं, यावर माझी हरकत नव्हती. मी सुधारक विचारांचा आहे. पण कौतुक माझ्या कुत्र्यावर ठेवलेल्या हाताचं होतं. दुसऱ्या दिवशी मगदूम नळावर पाणी प्यायला गेले, तेव्हा बाकावर ठेवलेल्या त्यांच्या जाकिटाचे खिसे मी तपासले. चष्म्याची डबी, एक किल्ली आणि जपाची माळ निघाली. माळ मी हुंगलीसुद्धा. चंदनाची होती.

महिनाभराने त्यांनी मला गाठलं. गाठलं म्हणजे काय, फाटकापाशी उभे राहिले आणि बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"सर, एक बोलू काय?"

"बोला ना."

"तुमचं कुत्रं ऐकत न्हाई बघा."

तीस वर्षं मी वर्गात उभा आहे. 'तुमचा मुलगा ऐकत नाही' हे वाक्य पालकांना कसं सांगायचं आणि त्यात पालकांचा किती उद्धार होतो, हे मला नेमकं ठाऊक आहे.

"तुमचं ऐकतो ना," मी म्हणालो, "मग झालं."

"तसं न्हवं सर. माझं बी ऐकत न्हाई. कुणाचंच ऐकत न्हाई."

"मगदूम, तो डाल्मेशियन आहे. या जातीला स्वतःची मतं असतात."

"डॉक्टरला एकदा दाखवा की ओ."

म्हणजे आता माझा कुत्रा हट्टी तर होताच, वर वेडाही. मी नमस्कार केला आणि निघालो. निघालो म्हणजे, मी एकटाच निघालो. अनुस्वार त्यांच्यापाशीच थांबला होता. त्याला आणायला मला परत जावं लागलं.

त्याच सुमारास फलकाचं काम निघालं. बागेच्या समितीच्या अध्यक्षा म्हणजे या विभावरी पारख. त्यांचा कुकी नावाचा एक केसाळ गोळा होता, जो सगळ्यांवर भुंकायचा आणि ज्याला सगळे गोड म्हणायचे. त्यांनी मला नियमावली लिहायला सांगितली. मी सातवा नियम लिहिला: 'आज्ञाधारक नसलेल्या श्वानाच्या वर्तनाचे संपूर्ण उत्तरदायित्व...'

"सर, सोपं लिहा ना," पारखताई म्हणाल्या. "लोकांना कळलं पाहिजे."

मग मी सोपं लिहिलं. 'जे श्वान ऐकत नाही, त्याच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी मालकाची राहील. असे श्वान चावल्यास त्यास उद्यानात कायमची प्रवेशबंदी करण्यात येईल.'

रंगाऱ्याने त्याच्या पदरची एकही चूक घातली नाही. मी दोनदा तपासलं.

तर ती फेब्रुवारीतली रविवारची सकाळ. पक्ष बदलल्याचा विनोद झालेला. हसणं अजून पुरतं थांबलं नव्हतं. मी पुन्हा एक हाक मारली, आता जरा मोठ्याने, कारण माघार घ्यायची वेळ निघून गेली होती. अनुस्वारने झोपेत एक सुस्कारा टाकला. सुखाचा. मगदूमांचा हात त्याच्या पाठीवर होता, आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला चंद्री बसली होती. देव्हाऱ्यात मूर्तीच्या दोन्ही अंगांना समया असाव्यात, तशी दोन कुत्री. त्यातली एक समई माझी होती.

"त्यांनाच देऊन टाका सर," दातांचे डॉक्टर खैरनार म्हणाले. "तेवढाच तुमचा घसा वाचेल."

मी माणूस वाईट नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं, ते लहानपणी गल्लीत शिकलेलं होतं. विद्यापीठाने त्यात काहीच सुधारणा केली नव्हती. मी त्या बुटाकडे, त्या हाताकडे, त्या शांत माणसाकडे पाहिलं आणि दातांच्या फटीतून म्हणालो,

"छू!"

आणि अनुस्वारने झडप घातली.

पण मगदूमांवर नाही. झालं असं की, मी ते अक्षर उच्चारत होतो त्याच वेळी पारखताई मोबाइल घेऊन बाकाच्या मागून आल्या होत्या. झोपलेल्या कुत्र्याबरोबर फोटो काढावा म्हणून त्यांनी वाकून त्याच्या गळ्यात हात टाकला. अनुस्वार दचकून गर्रकन फिरला आणि त्याचे दात त्यांच्या मनगटात गेले. सगळं मिळून एक सेकंद. ताई किंचाळून मागे पडल्या, चंद्री उसळून भुंकायला लागली, कुकी जाळीला धडकला, धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा लोकांना जे दिसलं ते असं: पारखताई जमिनीवर, मनगटातून रक्त, आणि त्यांच्या अंगाशी लांब तोंडाची शिकारी कुत्री दात दाखवून भुंकतेय. अनुस्वार बाकाखाली शिरला होता आणि कापत होता.

खरं काय ते दोघांनी पाहिलं होतं. मगदूमांनी आणि मी.

रोहिणीने माझा दंड धरला. "आत्ता तुम्ही काय म्हणालात?"

"कुठे काय?"

"काहीतरी म्हणालात."

"शिंकलो."

"छू अशी शिंक?"

"थंडी आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी सहाला ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बैठक बसली. पारखताई मनगटाला बँडेज बांधून मधोमध बसल्या होत्या. इंजेक्शन घेऊन आल्या होत्या आणि त्याचं वर्णन करून झालं होतं. मगदूम चंद्रीचा पट्टा धरून उभे होते. मी अनुस्वारला घेऊन दुसऱ्या टोकाला होतो. तो मगदूमांकडे ओढ घेत होता. पट्टा मी हाताला दोन वेढे देऊन धरला होता.

"मी काही पाहिलं नाही," पारखताई म्हणाल्या. "मी फोनकडे बघत होते, दोन्ही कुत्री हाताशीच होती. पण सगळे म्हणतात..."

"शिकारी जात आहे," खैरनार म्हणाले. "त्यांचा दोष नाही, रक्तातच असतं. सशाचं मनगट आणि माणसाचं मनगट, त्यांना काय फरक?"

मग खैरनारांनीच विचारलं, "मगदूम, तुमचं काय म्हणणं?"

"चंद्री चावली न्हाई."

"मग कोण चावलं?"

मगदूमांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर माझं काम सोपं झालं असतं. ते थांबले होते, एवढंच. आपला नंबर आला नाही म्हणून बँकेत माणूस थांबतो तसे. नंबर माझा होता.

मला एवढंच बोलायचं होतं: माझा कुत्रा चावला. मग सातवा नियम, मग कायमची बंदी. मग रोज सकाळी मी आणि अनुस्वार जाळीच्या बाहेर, आणि आत बाकावर तो शांत हात सगळ्या कॉलनीच्या कुत्र्यांवर फिरणार. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा प्रश्न. का चावला? आजवर कधी कुणाला चावला नाही, मग आजच का? त्याचं उत्तर एकाक्षरी होतं.

मी पट्ट्याला तिसरा वेढा दिला.

मगदूमांनी वाट पाहिली. मग बोलले. एका दमात एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सरांचं कुत्रं ऐकत न्हाई. मी सांगितलोय सरांना. त्यात कुत्र्याची चूक न्हाई. त्याचं कान ऐकत न्हाई, म्हणून पाठीमागनं कोण..."

"'त्याचं कान' नव्हे," मी म्हणालो. "'त्याचे कान'. आणि दोन असतात, तेव्हा 'ऐकत नाहीत'."

बैठक हसली. मोठ्याने नाही, पण पुरेशी. खैरनारांनी तर मांडीवर थाप मारली. मगदूमांचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. कानडीत त्यांना पुढचं वाक्य येत असणार. मराठीत ते परत सापडलं नाही.

"म्हणजे आपलं झाकायचं आणि सरांच्या कुत्र्यावर ढकलायचं?" पारखताई म्हणाल्या. "हे काही बरं नाही हं काका. सर, नियम वाचा."

मी नियम वाचला. माझाच होता, पाठ होता. संपूर्ण जबाबदारी मालकाची राहील, इथे आवाज जरासा घोगरा झाला. लोकांना वाटलं, सरांना वाईट वाटतंय.

मगदूमांनी मान हलवली. "बरं," म्हणाले.

ते निघाले तसा अनुस्वार उसळला. पट्ट्याने माझी बोटं काळीनिळी झाली. मी "बस, बस!" ओरडत होतो. फाटकापाशी मगदूम वळले. त्यांनी तळहात खाली केला.

माझा कुत्रा बसला.

त्यानंतर ते चंद्रीला कालव्याच्या रस्त्याने फिरवायचे, पट्टा बांधून. मी एकदोनदा लांबून पाहिलं. पळण्यासाठी जन्मलेली ती कुत्री म्हाताऱ्याच्या चालीने पाऊल टाकत होती. दोन महिन्यांनी रोहिणीला भाजीवाल्याकडे त्यांची लेक भेटली.

"गावी गेले म्हणे," रोहिणी मेथी निवडत म्हणाली. "चंद्रीला इथे पळायला जागा नाही म्हणाले. लेकीनं खूप थांबवलं. रडत होती बिचारी."

"गावी मोकळं असतं," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. काडी मोडली. पुढे काही विचारलं नाही.

पण त्या दिवसापासून मला खरोखर शिंक आली, की रोहिणी आधी कुत्र्याकडे पाहायची.

बाग मला हवी तशी परत मिळाली. अनुस्वार रोज सकाळी आत शिरायचा, थेट बाकापर्यंत जायचा, बाक हुंगायचा आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचा. हाका मारून मी थकलो. टाच आपटून पाहावी असं एकदा मनात आलं होतं. पण मी भाषेचा माणूस आहे.

सहा वर्षं मी ते अक्षर पोटात बाळगलं. वर्गात 'छ' पासून सुरू होणारा शब्द आला, की मी त्याचा समानार्थी शब्द वापरायचो. मगदूमांना पत्र लिहायला चारदा बसलो. मायना उत्तम जमायचा. पुढे 'मीच छू म्हणालो होतो' हे वाक्य कोणत्याही शैलीत बरं दिसेना.

मग अनुस्वारच्या कानात पू झाला. साडेनऊ वर्षांचा झाला होता तो. नेहमीचे डॉक्टर निवृत्त झालेले; त्यांच्या जागी डॉक्टर सानप म्हणून एक मुलगी नव्याने बसायला लागली होती. रोहिणी बरोबर होती. अनुस्वार टेबलावर उभा. डॉक्टर कार्ड भरत होत्या.

"नाव?"

"अनुस्वार."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

"पूर्वी कधी कुणाला चावलाय?"

कार्डावरचा साधा रकाना होता. मला 'नाही' म्हणता आलं असतं. सहा वर्षं तेच म्हणत आलो होतो. पण त्या मुलीचा हात अनुस्वारच्या पाठीवर होता. शांत हात होता.

"एकदा," मी म्हणालो. "चूक माझी होती. मी त्याला छू म्हणालो होतो."

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "म्हणालात म्हणजे? तोंडाने?"

"हो. लांबून. हळूच."

"आणि तो लगेच चावला?"

"त्याच क्षणी. एका बाईंनी मागून त्याच्या गळ्यात हात घातला होता, झोपेत होता, पण मी..."

त्या टेबलाच्या मागे गेल्या. एक स्टीलचा ट्रे उचलला आणि अनुस्वारच्या मागे फरशीवर सोडून दिला. रोहिणी जागच्या जागी उडाली. बाहेर रांगेतली दोन कुत्री भुंकायला लागली. अनुस्वार खिडकीतून रस्त्याकडे पाहत होता.

"हा ऐकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"पहिल्यापासून," मी म्हणालो. "हट्टी आहे."

"तसं नाही सर. ऐकत नाही म्हणजे, याला ऐकू येत नाही. दोन्ही कान. जन्मापासून असणार, या जातीत असतं."



त्यांनी ते कार्डावर लिहिलं आणि ट्रे उचलून जागेवर ठेवला.

"सहसा पहिल्या आठवड्यातच मालकांच्या लक्षात येतं," त्या म्हणाल्या.